प्रकाशाचा धन्वंतरी : नील्स फिन्सेन

उत्तर अटलांटिक महासागरात, आइसलँड आणि नॉर्वे ह्यांच्या दरम्यान, अठरा लहानमोठ्या खडकाळ बेटांचा एक समूह आहे. त्यास फेरो बेटे असे म्हणतात. तेथे झाडे जवळजवळ नाहीतच. डोंगरउतारावर गवत, गवतावर मेंढ्या आणि चहूकडे खवळलेला समुद्र. वर्षाचे पुष्कळसे दिवस धुक्यात आणि पावसात जातात; ऐन हिवाळ्यात तर दिवस जेमतेम पाच तासांचा असतो. आपल्या देशात उन्हाची कोणी किंमत करीत नाही, कारण ते न मागता मिळते. परंतु त्या बेटांवरील माणसांना ऊन ही मोजून मिळणारी चीज आहे. ह्याच बेटांवरील टोर्सहाव्न ह्या गावी १५ डिसेंबर १८६० रोजी नील्स रायबर्ग फिन्सेन ह्यांचा जन्म झाला. पुढे ह्याच गृहस्थांनी प्रकाशालाच औषध बनविले आणि क्षयाने विद्रूप झालेले शेकडो चेहरे माणसांत परत आणले.

त्यांचे वडील हान्नेस फिन्सेन हे डॅनिश सरकारच्या सेवेतील अधिकारी होते. पुढे १८७१ साली ते ह्या बेटांचे मुख्य प्रशासक झाले. घराणे मूळचे आइसलँडचे. नील्स चार वर्षांचा असताना त्याची आई वारली. वडिलांनी दुसरा विवाह केला आणि घर भावंडांनी भरून गेले. मुलाच्या शिक्षणासाठी वडिलांनी त्याला डेन्मार्कमधील हेर्लुफ्सहोल्म येथील वसतिशाळेत धाडले. परंतु तेथे त्याचा जम बसला नाही. मुलगा मनाने चांगला आहे, पण बुद्धीने बेताचा आणि उत्साहाने मंद आहे, असा अभिप्राय मुख्याध्यापकांनी दिला. अखेर १८७६ साली त्याला आइसलँडची राजधानी रेक्याविक येथे, वडील ज्या शाळेत शिकले होते त्याच शाळेत घालण्यात आले. तेथून १८८२ साली तो अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाला, तेव्हा त्याचे वय एकवीस वर्षांचे होते आणि पंधरा विद्यार्थ्यांत त्याचा क्रमांक अकरावा होता. ह्या विद्यार्थ्याचे नाव एके दिवशी जगभर घेतले जाईल, अशी कल्पना त्या काळी कोणाच्याही मनाला शिवली नसेल.

त्याच वर्षी फिन्सेन वैद्यकाच्या अभ्यासासाठी कोपनहेगनला आले. पुढच्याच वर्षी त्यांच्या प्रकृतीने पहिला इशारा दिला. यकृत, प्लीहा आणि हृदय ह्यांच्या भोवतालची आवरणे हळूहळू जाड व कठीण होत जावीत, असा तो असाध्य विकार होता. त्यामुळे त्यांना सदैव थकवा येई आणि रक्तक्षयाने ते निस्तेज दिसत. कालांतराने जलोदर झाला आणि पोटात साठणारे पाणी वारंवार काढावे लागू लागले. ते राहत होते ते घर उत्तराभिमुख होते आणि त्यात ऊन म्हणून येत नसे. उन्हात गेले की आपल्याला बरे वाटते, हे त्यांच्या लक्षात आले. सामान्य माणूस एवढ्यावर थांबून खिडकीपाशी खुर्ची ओढून बसला असता. परंतु फिन्सेन ह्यांना प्रश्न पडला, की सूर्याच्या प्रकाशात असे काय आहे की ज्याचा शरीरावर परिणाम व्हावा? त्यांच्या चरित्रांत एका मांजराची हकीकत सांगितली जाते. छपरावर ऊन खात पडलेले ते मांजर सावली सरकत जवळ आली की उठे आणि पुन्हा उन्हात जाऊन बसे. पुन्हा सावली येई, पुन्हा ते उठे. त्या मुक्या प्राण्याला उन्हाची जी गरज जाणवत होती, तिचे शास्त्रीय कारण शोधले पाहिजे, असे ह्या तरुणाने मनाशी ठरविले.

१८९० साली त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. काही काळ त्यांनी विद्यापीठात शरीररचनाशास्त्राच्या विभागात काम केले आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या शिकवण्या करून चरितार्थ चालविला. १८९२ च्या डिसेंबरात इंगेबोर्ग बाल्सलेव ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दुसऱ्याच वर्षी त्यांनी विद्यापीठातील जागा सोडली आणि उरलेले आयुष्य प्रकाशाच्या अभ्यासाला वाहून घेतले. नवा संसार, खंगत चाललेला देह, आणि नियमित मिळकतीवर सोडलेले पाणी! ह्या निर्णयाला किती धैर्य लागले असेल, ह्याची कल्पना ज्याची त्यानेच करावी.

त्यांचे प्रयोग अगदी साध्या साधनांनी केलेले असत. त्यांनी आपल्या हातावर काळ्या शाईचा एक पट्टा ओढला आणि हात तीन तास उन्हात धरला. नंतर शाई धुऊन पाहिली, तो पट्ट्याखालची कातडी जशीच्या तशी, आणि आजूबाजूची मात्र लाल होऊन सुजलेली. काही दिवसांनी ती लाली जाऊन तेथे सावळेपणा आला. मग त्यांनी शाई न लावता तोच हात पुन्हा उन्हात धरला. ह्या वेळी पूर्वी झाकलेला गोरा पट्टा तेवढा भाजला आणि सावळी झालेली कातडी सुरक्षित राहिली. ह्यावरून त्वचेचा सावळा रंग हे निसर्गाने दिलेले छत्र आहे, हे त्यांनी दाखविले. उन्हाने कातडी लाल होते ती उष्णतेमुळे होत नाही, तर प्रकाशाच्या जांभळ्या टोकाकडील आणि त्याच्याही पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांमुळे होते, हे तोवर शास्त्रज्ञांना कळू लागले होते. ह्या किरणांना तेव्हा रासायनिक किरण म्हणत. देवीच्या रोग्याला हे किरण वगळून केवळ तांबड्या प्रकाशात ठेवावे, म्हणजे व्रण कमी राहतील, अशी सूचना फिन्सेन ह्यांनी १८९३ साली केली. तिची पुष्कळ चर्चा झाली. परंतु ती पद्धती पुढे टिकली नाही. त्यांच्या कीर्तीचा पाया वेगळ्याच रोगाने घातला.

तो रोग म्हणजे त्वचेचा क्षय. क्षय म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे खोकणारा, खंगलेला रोगी उभा राहतो. पण क्षयाचे जंतू फुप्फुसांखेरीज हाडे, सांधे, मानेतल्या गाठी आणि कातडी ह्यांतही घर करू शकतात. त्वचेच्या क्षयाचा जो प्रकार त्या काळी युरोपात सर्वांत अधिक भीतिदायक मानला जाई, त्याचे नाव लुपस व्हल्गॅरिस. लॅटिन भाषेत लुपस म्हणजे लांडगा. लांडग्याने लचके तोडावेत तसा हा रोग चेहरा खात जातो, म्हणून हे नाव पडले. (आज ज्या दुसऱ्या एका विकाराला लोक नुसते लुपस म्हणतात, त्याचा क्षयाशी काही संबंध नाही.) ह्याची सुरुवात पुष्कळदा बालपणीच होते. नाकावर, गालावर किंवा कानाच्या पाळीवर तांबूस तपकिरी रंगाचे, मऊ, लहान ठिपके उठतात. त्यांवर काचेची पट्टी दाबून पाहिले तर ते सफरचंदाच्या मुरंब्याच्या रंगाचे दिसतात. ते दुखत नाहीत, म्हणून कोणी लक्ष देत नाही. वर्षामागून वर्षे जातात, ठिपके एकमेकांना मिळतात, व्रण होतात, नाकाची कूर्चा झडून जाते, ओठ आणि पापण्या आखडतात. रोगी सहसा मरत नसे. परंतु माणसांत वावरणे त्याला अशक्य होई. त्याला काम मिळत नसे, त्याचे लग्न जमत नसे. अनेकजण चेहऱ्यावर फडके बांधून दिवसाउजेडी बाहेर पडण्याचे टाळीत. ज्यांना प्रकाशाने बरे व्हायचे होते, तेच लोक लाजेने अंधारात राहत होते.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख ह्यांनी १८८२ च्या मार्च महिन्यात जगापुढे आणला आणि लुपस हाही क्षयच, हे पुढे सिद्ध झाले. पण शत्रूचे नाव कळले तरी त्याला मारण्याचे शस्त्र हाती नव्हते. डॉक्टर रोगट भाग धारदार चमच्याने खरवडीत, तापल्या लोखंडाने डागीत, किंवा दाहक औषधांनी जाळीत. ह्यात चांगली कातडीही जाई आणि रोग पुन्हा उद्भवे. १८९० साली कॉख ह्यांनीच काढलेल्या ट्युबरक्युलिन ह्या द्रव्यावर मोठी आशा बसली होती. पण तीही फोल ठरली.

फिन्सेन ह्यांचा विचार सरळ होता. सूर्यप्रकाशाने जंतू मरतात, हे डाउन्स आणि ब्लंट ह्या दोन इंग्रज संशोधकांनी १८७७ साली दाखविले होते. लुपसचे जंतू तर कातडीत, म्हणजे शरीराच्या दारातच बसलेले. मग पुरेसा प्रखर प्रकाश तेथपर्यंत का पोचवू नये? पण प्रकाश कातडीत शिरतो की नाही, हे आधी पाहणे प्राप्त होते. त्यांनी एका व्यक्तीच्या कानाच्या पाळीमागे छायाचित्रणाचा कागद धरला आणि पुढून प्रखर प्रकाश सोडला. पाच मिनिटे झाली तरी कागद काळा पडला नाही. मग दोन काचांमध्ये पाळी दाबून तिच्यातले रक्त बाजूला सारले, तो अवघ्या वीस सेकंदांत कागद काळा पडला! रासायनिक किरणांना वाटेत अडवून धरणारे द्रव्य म्हणजे रक्त होय, हे ह्या एका प्रयोगाने कळून चुकले. म्हणजे ज्या जागेवर उपचार करायचा, ती दाबून रक्तहीन केली पाहिजे. पुढच्या सगळ्या उपचाराची किल्ली ह्या लहानशा प्रयोगात होती.

डेन्मार्कचा सूर्य भरवशाचा नाही. म्हणून फिन्सेन विजेच्या आर्क दिव्याकडे वळले. त्यासाठी लागणारा जोराचा विद्युत्प्रवाह कोपनहेगनच्या वीजकेंद्रात उपलब्ध होता. तेथे नोव्हेंबर १८९५ मध्ये त्यांनी पहिल्या रोग्यावर उपचार सुरू केले. हा रोगी एक अभियंता होता. कित्येक वर्षे लुपसने त्याचा चेहरा पोखरला होता आणि दुसरे सगळे उपाय करून तो थकला होता. रोज थोडी थोडी जागा घेऊन तिच्यावर प्रकाश सोडण्यात येई. काही महिन्यांत त्याचा रोग मागे हटला. योगायोग असा, की ह्याच महिन्यात जर्मनीमध्ये राँटगेन ह्यांना क्ष-किरणांचा शोध लागला. डोळ्यांना न दिसणाऱ्या दोन प्रकारच्या किरणांनी वैद्यकात एकाच वेळी पाऊल टाकले.

दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८९६ साली, धनिकांच्या आणि नगराच्या साहाय्याने कोपनहेगनमध्ये फिन्सेन ह्यांची प्रकाशोपचार संस्था उभी राहिली. तिच्या मुख्य दालनातील दृश्य पाहणाऱ्याच्या मनावर ठसत असे. छताला मोठा आर्क दिवा टांगलेला आणि त्यातून चार दिशांना खाली उतरणाऱ्या, दुर्बिणीसारख्या चार नळ्या. नळीतील भिंगे प्रकाश एकवटीत आणि पाण्याचा थर त्यातील उष्णता काढून घेई. प्रत्येक नळीखाली एक रोगी निजलेला आणि त्याच्याजवळ काळा चष्मा लावलेली एक परिचारिका बसलेली. तिच्या हातात स्फटिकाची एक पोकळ डबी असे. तिच्यातून थंड पाणी खेळते ठेवलेले असे. ती डबी रोग्याच्या कातडीवर दाबून धरायची, म्हणजे तेथले रक्त दूर होई आणि कातडी भाजतही नसे. एका वेळी नाण्याएवढीच जागा. तिला तासभर प्रकाश द्यायचा. आणि तेवढा वेळ परिचारिकेने हात हलू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी दुसरी जागा. संपूर्ण चेहऱ्याला महिनेच्या महिने लागत, काहींना वर्षेही लागत. फिन्सेन ह्यांच्या नावामागे ह्या अनामिक परिचारिकांचे स्थिर हात होते, हे विसरता कामा नये.

पहिल्या काही वर्षांतच आठशेहून अधिक रोग्यांवर येथे उपचार झाले. त्यांपैकी सुमारे निम्मे रोगमुक्त झाले आणि उरलेल्यांतील बहुतेकांना चांगला गुण आला. शस्त्राने खरवडलेल्या चेहऱ्यावर जसे ओबडधोबड व्रण राहत, तसे येथे राहत नसत. नवी येणारी कातडी मऊ आणि सपाट असे. आपली पद्धत फिन्सेन ह्यांनी गुप्त ठेवली नाही. ती सविस्तर प्रसिद्ध केली आणि देशोदेशीचे डॉक्टर ती शिकून गेले. डेन्मार्कची राजकन्या आणि इंग्लंडच्या युवराजांची पत्नी अलेक्झांड्रा हिने १९०० साली लंडन हॉस्पिटलला फिन्सेन दिवा भेट दिला.

१९०३ साली शरीरक्रियाशास्त्र अथवा वैद्यक ह्या विषयाचे नोबेल पारितोषिक फिन्सेन ह्यांना जाहीर झाले. पारितोषिके सुरू झाल्यापासूनचे हे ह्या विषयातील तिसरे. आदल्या वर्षी तोच मान रोनाल्ड रॉस ह्यांना मिळाला होता. डासांमार्फत हिवताप पसरतो ह्याचा महत्त्वाचा पुरावा रॉस ह्यांना १८९७ साली आपल्या सिकंदराबादेत मिळाला होता, हे हैदराबादकडील वाचकांना ठाऊक असेलच. पारितोषिकाच्या समारंभाला जाण्याइतके त्राण फिन्सेन ह्यांच्या अंगी उरले नव्हते. ते चाकांच्या खुर्चीला खिळले होते. पारितोषिकाच्या रकमेतून त्यांनी पन्नास हजार क्रोनर आपल्या संस्थेला आणि साठ हजार क्रोनर हृदय व यकृत ह्यांच्या रोग्यांसाठी स्वतः काढलेल्या आरोग्यधामाला दिले.

ज्या प्रकाशाने इतरांचे चेहरे उजळले, त्याने फिन्सेन ह्यांचा स्वतःचा विकार मात्र हटला नाही. तरी आपल्या देहाकडे त्यांनी संशोधकाच्या दृष्टीनेच पाहिले. आपण काय खातो, किती पाणी पितो, शरीरातून किती पाणी बाहेर पडते, ह्याचे ते बारकाईने मोजमाप ठेवीत. शरीरात साठून राहणारे मीठ पाण्यालाही धरून ठेवते, असा निष्कर्ष त्यांनी स्वतःवरून काढला आणि १९०४ साली तो प्रसिद्ध केला. हा त्यांचा अखेरचा लेख. त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी कोपनहेगन येथे त्यांचा अंत झाला. वय अवघे त्रेचाळीस वर्षांचे होते.

त्यानंतर काळ पालटला. १९४० नंतरच्या दशकात ड जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा लुपसवर गुणकारी ठरल्या. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, १९५२ साली आयसोनियाझिड वापरात आले, आणि प्रकाशाचे दिवे हळूहळू विझले. त्वचेच्या क्षयाला आता फुप्फुसाच्या क्षयाचीच औषधे देतात आणि सामान्यतः सहा महिन्यांत तो बरा होतो. मग फिन्सेन चुकले होते काय? अतिनील किरण जंतूंना थेट मारतात, म्हणून रोग जातो, अशी त्यांची समजूत होती. २००५ साली डॅनिश संशोधकांनी त्यांची जुनी भिंगे व गाळण्या तपासून पाहिल्या. त्यांतून अतिनील किरणांतील सर्वांत तीव्र भाग बाहेर पडतच नव्हता, असे आढळले. बाहेर पडत होता तो मुख्यतः जांभळा-निळा प्रकाश आणि त्याच्या लगतचे किरण. क्षयाच्या जंतूंत पॉर्फिरिन नावाची द्रव्ये असतात. ती हा प्रकाश शोषून घेतात, त्यामुळे जंतूच्या आत ऑक्सिजनचे अतिशय तीव्र रूप तयार होते, आणि जंतू त्यानेच नष्ट होत असावेत, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष आहे. म्हणजे उपचार खरा होता. त्याचे कारण उमगायला मात्र शंभर वर्षे लागली. फिन्सेन ह्यांनी तर्काच्या आधी रोग्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, म्हणून तर्क अपुरा असूनही त्यांचे रोगी बरे झाले.

लुपस युरोपातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. आपल्या देशात मात्र तो अजून आढळतो. मुलांच्या मानेतील गाठी फुटून वाहू लागतात, त्या गंडमाळेलाही पुष्कळदा क्षयाचेच जंतू कारण असतात. क्षयाचा जंतू आणि नॉर्वेच्या हान्सेन ह्यांनी १८७३ साली शोधलेला कुष्ठरोगाचा जंतू हे एकाच कुळातले आहेत. त्वचेवरच्या खुणांवरून कधी कधी एकाला दुसरा समजण्याची चूकही होते. पण दोन्ही रोग आज औषधाने पूर्ण बरे होतात, आणि सरकारी दवाखान्यात ती औषधे विनामूल्य मिळतात. तरीही फिन्सेन ह्यांच्या काळची ती लाज अनेक घरांत अजून शिल्लक आहे. मुलीच्या गालावरचा डाग लपवायचा, शेजाऱ्यांना कळू द्यायचे नाही, वर्षानुवर्षे मलमे लावीत बसायचे, आणि डॉक्टरकडे जायचे ते नाक आखडू लागल्यावर. महिनोन् महिने न जाणारा, न दुखणारा, हळूहळू पसरणारा तांबूस डाग दिसला तर तो झाकून ठेवू नये, डॉक्टरांना दाखवावा. आणि अशा डागाचा सोबती वर्गात शेजारी बसला, तर त्याच्यापासून दूर सरकू नये.

कोपनहेगनमध्ये फिन्सेन ह्यांच्या स्मरणार्थ १९०९ साली रुडॉल्फ टेग्नर ह्या शिल्पकाराने घडविलेले एक शिल्प उभे आहे. त्यात फिन्सेन ह्यांचा पुतळा नाही. मध्ये उभा असलेला एक पुरुष आणि त्याच्या दोन बाजूंना गुडघे टेकलेल्या दोन स्त्रिया एवढेच त्यात आहे. तिघांचेही चेहरे उघडे आहेत आणि आकाशाकडे वळलेले आहेत.